एका थाळीतली मांजरं

बोईसरला लागून असलेल्या सरावलीत काय किंवा पालघर-तारापूरच्या कुठल्याही वस्तीत काय, घरात मांजर शिरलं की ते सहसा एकटं राहत नाही. भाटी व्याली की एखाद-दुसरं पिल्लू घरातच राहतं, पावसात भिजणारं आणखी एक कुणीतरी उचलून आणतं, आणि मासळी साफ करताना निघालेली डोकी-शेपट्या एकाच थाळीत सगळ्यांपुढे पडतात. मांजरांचं आपसात जमलं, एकमेकांना चाटून ती अंगाला अंग लावून झोपू लागली, की घरच्यांना बरं वाटतं. मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू नेमका याच सहवासातून पसरतो. म्हणूनच तो रोखायचा तर घर किती वेळा पुसलं यापेक्षा नवं मांजर जुन्यांत केव्हा मिसळू दिलं, हे कितीतरी अधिक महत्त्वाचं ठरतं.

या विषाणूचा शोधच मुळी एका घरातून लागला. एकाच घरातल्या अनेक मांजरांना लसिकापेशींचा कर्करोग होत होता. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला आणि १९६४ साली हा विषाणू जगापुढे आला. पुढे न्यूयॉर्कमध्ये विल्यम हार्डी यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं, की तो मांजराकडून मांजराकडे सहवासातून जातो. नंतर त्यांच्या गटाने अनेक मांजरं असलेल्या घरांत सगळ्यांचं रक्त तपासून बाधित मांजरं वेगळी केली, तेव्हा मागे राहिलेली बहुतेक मांजरं निरोगी राहिली. त्या वेळी लस नव्हती. पहिली लस बाजारात यायला १९८५ उजाडलं. म्हणजे लसीच्या आधीही नुसत्या तपासणीने आणि विलगीकरणाने घरातली साथ थांबवता येत होती.

हे शक्य झालं ते विषाणूच्या स्वभावामुळे. बाधित मांजराच्या एका मिलीलिटर लाळेत दहा लाखांपर्यंत विषाणूकण असू शकतात. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. त्यांच्यामुळे लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते, आणि ज्याला चाटलं ते मांजर नंतर तेच केस स्वतःच्या जिभेने साफ करतं. तोंडावाटे शिरलेला विषाणू आधी घशाजवळच्या लसिकापेशींत वाढतो, मग अस्थिमज्जेत उतरतो, आणि तिथे त्याचं बस्तान बसलं की लाळग्रंथींमधून पुन्हा बाहेर पडू लागतो. नाकातला स्राव, मूत्र, विष्ठा यांतूनही तो जातो. आईकडून पिल्लांना गर्भात किंवा दुधातून मिळतो, चाव्यातूनही लागतो. पण अंगाबाहेर तो फार दुबळा आहे. कोरड्या जागी काही तासांत मरतो, साध्या साबणाच्या पाण्यापुढेही टिकत नाही. त्यामुळे वाटेवर ओझरत्या भेटलेल्या मांजरापेक्षा आठवडेन् आठवडे एका वाडग्यातून पाणी पिणारं मांजर अधिक धोक्याचं.

घरात आजार आल्याची शंका आली की आपल्याकडे पहिला हात जातो तो फिनाईलच्या बाटलीकडे. इथे त्याचा उपयोग जवळजवळ नाही, अपाय मात्र आहे. काळ्या फिनाईलमधल्या फिनॉलचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही, आणि ओल्या लादीवरून चालून आलेलं मांजर पंजे चाटणारच. भांडी साबणाने घासावीत, मातीचा ट्रे रोज साफ करावा, एवढं पुरे. दोन मांजरं त्याच संध्याकाळी एकमेकांना चाटणार असतील, तर लख्ख लादीने काय साधणार?

आमची मांजरं दिवसभर बाहेर असतात, कौलांवर फिरतात, बोक्यांशी भांडतात, त्यांना घरात वेगळं ठेवून काय उपयोग, असा आक्षेप कुणी घेईल. आक्षेप खरा आहे. बाहेरचा धोका शून्यावर आणता येत नाही, नसबंदीने भटकणं आणि मारामाऱ्या मात्र पुष्कळ कमी होतात. पण मुख्यतः खोल चाव्यांतून पसरतो तो मांजरांचा दुसरा विषाणू, कॅलिफोर्नियात १९८६ साली सापडलेला, एचआयव्हीच्या जातकुळीतला. ल्युकेमियाच्या विषाणूला दीर्घ जवळीक मानवते आणि ती घरातच मिळते. शिवाय वय वाढेल तशी मांजराची प्रतिकारशक्ती वाढते. सर्वांत कोवळा घास म्हणजे चार महिन्यांच्या आतलं पिल्लू, आणि ते तर घरातच असतं.

खोली एकच असेल तर वेगळं कुठे ठेवायचं, हा अडचणीचा प्रश्न. मोरी, गॅलरीचा जाळी लावलेला कोपरा, मोठा पिंजरा, यांपैकी काहीही चालेल. जिभा आणि वाडगे वेगळे राहिले पाहिजेत. तपासणीला थोडं रक्त लागतं आणि पशुवैद्याकडे किट असलं तर निकाल काही मिनिटांत कळतो. जवळपास सोय नसेल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पर्याय आहे. बोईसरहून ते लांब पडतं, हे मान्य. मात्र एका निकालावर विसंबू नये. नुकत्याच झालेल्या संसर्गात पहिली तपासणी निर्दोष येऊ शकते, म्हणून सहा आठवड्यांनी ती पुन्हा करायची आणि तोवर नव्या पाहुण्याला वेगळंच ठेवायचं. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी तिहेरी लस वेगळ्या तीन आजारांवरची आहे, ल्युकेमियावरची नव्हे. ‘लस झालीय’ एवढ्यावर इथे निश्चिंत होता येत नाही.

निकाल बाधित आला तर? हिरड्या पांढुरक्या पडणं, वजन घटणं, बारीकसारीक आजार सतत होणं अशी लक्षणं दिसू लागली की घाबरलेली माणसं मांजर पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून येतात. हे क्रूर आहे, आणि जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा रीतीने सोडून देणं हा १९६०च्या कायद्याने गुन्हाही आहे. त्यातून विषाणू दुसऱ्या कळपात जातो, एवढंच. माणसाला या विषाणूची लागण होत नाही, त्यामुळे घरात लहान मूल आहे ही सबबही टिकत नाही. शिवाय प्रत्येक बाधित मांजर मरतंच असं नाही. काहींच्या शरीरात विषाणू दबून राहतो, त्यांच्या लाळेतून तो सहसा पसरत नाही आणि ती वर्षानुवर्षं धडधाकट जगतात. ज्यांच्या रक्तात तो ठाण मांडतो त्यांतली बहुतेक दोन-तीन वर्षांत जातात. दोहोंतला फरक पहिल्या दिवशी कळत नाही, पुढच्या तपासण्यांतून कळतो. तोवर त्या मांजराची जागा घरातच, पण दुसऱ्या कोपऱ्यात, स्वतःच्या वाडग्यासह.