राजहंस धरताना

वाळवा तालुक्यातल्या एका आठवडी बाजारात मी एका माणसाला राजहंस पंखांना धरून उचलताना पाहिलं. दोन्ही पंख पाठीमागे एकत्र आवळलेले, पाचेक किलोचं धड खाली लोंबतंय आणि गिऱ्हाईक शांतपणे भाव करतंय. सायकलच्या हँडलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, त्यामुळे त्यांच्याकडे पाहणंच आपण सोडून दिलं आहे. हे मात्र डोळ्यांपुढून हलेना. शेजारी भाजी विकत बसलेली एक बाई म्हणाली, "असं धरत्यात व्हय? आमच्या काकीकडं या एकदा. बघा, कसं धरत्यात ते." म्हणून मी कृष्णाकाठच्या त्या वस्तीवर गेले.

वस्तीच्या तिन्ही बाजूंना ऊस. गोठा, त्याला लागून खुराडं, पुढे नवा कोबा. चोचीच्या मुळाशी गाठ असलेले पाच पांढरे राजहंस मी फाटकाशी पोचायच्या आधीच ओरडायला लागले. ही जात पूर्व आशियातल्या रानहंसापासून माणसाळलेली. काकींनी ते राखणीसाठी पाळलेत. राजहंस असला की साप फिरकत नाही, असं घरातली सगळी सांगतात. मला ते पुरतं पटत नाही, कारण हा गवत खाणारा पक्षी आहे. पण रात्री काही सरपटलं तर तो आरडाओरडा करून घर जागं करतो, आणि उसाच्या फडात राहणाऱ्याला तेवढंही पुष्कळ असतं.

त्या दिवशी काम नराचं होतं. डाव्या पायाच्या तळव्याला गळू झालेलं, वर काळी खपली. पशुवैद्यक तरुण होता, शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला. पण राजहंस धरायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं नाही. "धरणं काकींचं, पाय माझा," म्हणाला आणि हातमोजे चढवले. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून पक्ष्याला हात लावण्याआधी हातमोजे आणि नंतर साबण, हे पशुवैद्यकांच्या अंगवळणी पडलं आहे.

काकी पळाल्या नाहीत. त्यांनी आणि सुनेने एकेक लांब बांबू आडवा धरला आणि दोघी अगदी सावकाश पुढे सरकल्या. पाचही पक्षी एकमेकांना चिकटून आपणहून गोठ्याच्या कोपऱ्यात गेले. "पळवलं की धाप लागती. धाप लागलेल्याला धरायचं न्हाई," काकी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आन् धरलं तरी दोन मिंटं. त्याच्या वर न्हाई."

पुढचं मी इतक्या जवळून पाहिलं की आजही हातांना आठवतं. उजव्या हाताने मानेचा वरचा भाग, डोक्याच्या जरा खाली, हलकेच धरला. तो हात फक्त चोच वळवण्यापुरता, त्यावर वजन अजिबात येऊ द्यायचं नाही. चोचीच्या कडा करवतीसारख्या असतात, चावा चांगलाच लागतो. त्याच क्षणी डावा हात पाठीवरून पलीकडे गेला आणि दोन्ही पंख अंगाशी मिटले. पंखाच्या सांध्याचा फटका बसला तर दंड काळानिळा होतो, आणि मोकळा पंख फडफडला तर हाड पक्ष्याचंच मोडतं. मग तो हात पोटाखाली सरकला, बोटांमध्ये दोन्ही पाय आले आणि सगळं वजन कोपरापर्यंतच्या हातावर. डोकं काखेतून मागे, शेपटी आणि पाय पुढे डॉक्टरकडे. सुनेने जुन्या सुती लुगड्याचा तुकडा अंगावरून सैल गुंडाळला. मादीला मुद्दाम समोरच ठेवलं होतं. ती नजरेआड झाली की नर हाका मारत सुटतो.

छातीवर मात्र कुणाचाच हात नव्हता. आपल्या छातीखाली असतो तसा श्वासपटलाचा पडदा पक्ष्यांना नसतो. छातीचं हाड खालीवर झालं तरच त्यांच्या हवेच्या पिशव्या भरतात आणि रिकाम्या होतात. घाबरलेला माणूस जितकं घट्ट आवळेल तितकी हवा कमी मिळते, आणि तडफडणाऱ्या पक्ष्याला तर ती जास्त लागते. चोच चावेल या भीतीने छातीशी कवटाळलेला पक्षी अगदी प्रेमाच्या हातांतही गुदमरू शकतो. काकींना हे कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. त्या म्हणाल्या, "छाती हालली पायजे. बघत ऱ्हायचं."

डॉक्टरने कोमट मिठाच्या पाण्याने खपली भिजवली आणि पोव्हिडोन आयोडीन लावायला घेतलं. गळू वरवरचं होतं. खोल असतं तर भूल देऊन दवाखान्यातच काढावं लागलं असतं. तेवढ्यात नराने चोच उघडली आणि उघडीच ठेवली. दोन मिनिटं अजून झाली नव्हती. पट्टी बांधायची राहिली होती, डॉक्टरच्या हातात गॉज तसंच होतं. काकी वाकल्या, पाय जमिनीला टेकू दिले, लुगडं काढलं आणि सोडून दिलं.

डॉक्टर काही बोलला नाही. गॉज परत डब्यात ठेवून तो कट्ट्यावर बसला.

मला त्या वस्तीवरचं सगळ्यात जास्त हेच आठवतं: अर्धं राहिलेलं काम आणि त्याबद्दल कुणाच्याही चेहऱ्यावर नसलेला वैताग. बाजारातली ती पंखांची पकड घाईची असते. एका हातात पक्षी आणि दुसऱ्या हातात पैसे घ्यायची सोय. जनावराला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने नेणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तरी आठवडी बाजारात ते नेहमीचंच. मला या बाबतीत दोन बाजू दिसत नाहीत. लुगड्याचा तुकडा फुकट मिळतो आणि दोन मिनिटं प्रत्येकाकडे असतात.

चहा झाला. नर पाणी प्याला, पिसं साफ केली, मादीशेजारी जाऊन बसला. मग पुन्हा बांबू, पुन्हा कोपरा, तीच पकड. या वेळी पट्टी झाली. वाढलेल्या एका नखाचं टोकही डॉक्टरने कापलं, आतली रक्तवाहिनी सोडून, आणि "बस," म्हणाला.

दुखण्याचं मूळ पायात नव्हतं, कोब्यात होतं. मातीत आणि गवतात चालणारा जड पक्षी दिवसभर सिमेंटवर राहिला की तळवा घासतो आणि त्या जखमेतून जंतू आत जातात. उसाचं पाचट पसरायचं ठरलं. सून लगेच भारा आणायला निघाली तशी डॉक्टरने तिला थांबवलं आणि भाऱ्यात हात घालून बघायला सांगितलं. ओल्या पाचटाला बुरशी धरते, आणि ती बुरशी पक्ष्याच्या फुप्फुसात गेली तर तिथे पट्टीचा काही उपयोग नाही. गोठ्यामागचा भारा दमट निघाला. तो उलगडून उन्हात टाकला आणि कोबा तोवर पोत्यांनी झाकला.