उपवासाला बसलेला मासा

पालखेड, करंजवण, ओझरखेडच्या पाण्यालगत राहणाऱ्या दिंडोरीकरांना वाम नवी नाही. गोदावरी खोऱ्यातल्या नद्यांत आणि जलाशयांत सापडणारा हा सापासारखा लांब मासा. शास्त्राच्या हिशेबात मात्र गोड्या पाण्यातली ही वाम खरी ‘ईल’ नव्हेच. खऱ्या ईलच्या कुळातला बहुधा सर्वांत देखणा मासा समुद्रात राहतो. त्याचे नाव रिबन ईल. निळ्या फितीला पिवळी किनार लावावी तसे त्याचे रूप असते. घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्या हौशी मंडळींना तो हवाहवासा वाटतो, यात नवल नाही. अडचण एकच आहे. टाकीत आला की तो बहुतेक वेळा खाणे सोडतो आणि उपासमारीने मरतो.

‘र्‍हायनोम्युरेना क्वेसिटा’ हे त्याचे शास्त्रीय नाव. तो मोरे ईलच्या कुळातला. पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत प्रवाळाच्या परिसरात तो राहतो. लांबी मीटरभर किंवा थोडी अधिक, जाडी मात्र बोटाएवढी. पिल्ले काळी, मग नर निळा आणि शेवटी मादी पिवळी, असा त्याच्या आयुष्याचा क्रम मानला जातो. म्हणजे एकच मासा आधी नर आणि नंतर मादी. नाकपुड्यांच्या टोकाला पानासारखे दोन पडदे असतात. तोंड सतत उघडझाप करते. पाहणाऱ्याला वाटते, चावायला येतोय. प्रत्यक्षात तो फक्त श्वास घेत असतो. कल्ल्यांची छिद्रे लहान असल्याने पाणी तोंडाने आत ओढून घ्यावे लागते.

त्याचे जगणे एका बिळाभोवती चालते. वाळूत किंवा प्रवाळाच्या चुऱ्यात धड लपवायचे, डोके तेवढे बाहेर काढायचे आणि समोरून जाणारा छोटा मासा झडप घालून पकडायचा. मोरे ईलच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. ती पुढे येऊन पकडलेले भक्ष्य आत ओढते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी 2007 मध्ये दाखवून दिले. अशा शिकाऱ्याला हलणारे भक्ष्य समजते. पाण्यावर तरंगणारे कोरड्या खाद्याचे दाणे त्याच्या लेखी अन्नच नसतात. त्यात पकडल्यापासून दुकानात पोहोचेपर्यंत त्याचे कित्येक दिवस पिशवीत आणि खोक्यात गेलेले असतात. पुढे वाट्याला येते लख्ख दिव्यांची, बीळ नसलेली काच. घाबरलेला प्राणी अशा जागी शिकार करत नाही.

विक्रीला येणारे रिबन ईल समुद्रातूनच पकडलेले असतात. ईलच्या पिल्लांची पहिली अवस्था पारदर्शक पानासारखी असते आणि ती दीर्घकाळ खुल्या समुद्रात वाहत राहते. त्यामुळे शेततळ्यात रोहू-कटला वाढवावेत तसे हे मासे वाढवता येत नाहीत. आग्नेय आशियात शोभेचे मासे पकडण्यासाठी सायनाइड वापरल्याचीही उदाहरणे आहेत. विषाने गुंगलेला मासा हाती लागतो खरा, पण पुढे तो किती तग धरेल हे विकत घेणाऱ्याला कळत नाही.

म्हणून पैसे देण्यापूर्वी एक अट घालावी: मासा डोळ्यांदेखत खाताना दाखवा. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केट परिसरातले दुकान असो की नाशिकमधून दिलेली मागणी, ‘घरी नेल्यावर खाईल’ या शब्दावर रिबन ईल घेऊ नये. आठवड्याच्या अंतराने दोनदा खाताना दिसला, तरच पुढचा विचार करावा. एवढा धीर नसेल तर क्लाउनफिश बरा. तो दाणे खातो, शिवाय आता पैदास केलेलाही मिळतो.

समजा, खाणारा मासा मिळाला. त्याला दिंडोरीत ठेवायचे तर काम पाण्यापासून सुरू होते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. चारशे लिटरच्या टाकीला त्या हिशेबाने 14 किलो कृत्रिम समुद्री मीठ लागते. स्वयंपाकाचे किंवा खडे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर घटक त्यात त्या प्रमाणात नसतात. बोअरचे पाणी थेट न वापरता आरओचे घ्यावे. खतांचा भरपूर वापर होणाऱ्या भागात भूजलात नायट्रेट उतरण्याची शक्यता असतेच. बाष्पीभवनाने पातळी घटली की भर साध्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नव्हे. पाणी उडून जाते, मीठ मागेच राहते. नवशिके इथे हमखास चुकतात.

द्राक्षाच्या गावात आणखी एक धोका आहे, तो मोरचुदाचा. बोर्डो मिश्रण कालवलेली बादली, पंपाची नळी किंवा फवारणीनंतर न धुतलेला हात टाकीत जाता कामा नये. तांबे अत्यल्प प्रमाणातही समुद्रातल्या कोळंबी-गोगलगायींना मारते. अंगावर खवले नसलेल्या मोरे ईललाही ते सोसत नाही. माशांच्या रोगांवर दुकानात मिळणाऱ्या काही औषधांत तांबेच असते, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचावा. टाकीसाठी नवी बादली घेऊन तिच्यावर नाव घालून ठेवणे हा त्यातल्या त्यात स्वस्त विमा.

तापमानाचे गणितही इथे सोपे नाही. या माशाला 24 ते 27 अंश सेल्सियस लागते. निफाड-दिंडोरी पट्ट्यात थंडी अशी पडते की बागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे सरकतो. म्हणजे हिवाळ्यात हीटर आणि उन्हाळ्यात चिलर. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच, कारण खाऱ्या पाण्यात त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी विरघळतो. मासा आणण्याआधी टाकी निदान महिना-दीड महिना चालवून घ्यावी. विष्ठा आणि उरलेल्या खाद्यापासून होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू तेवढ्या काळात रुजतात. पिशवीतला मासा नव्या पाण्याला सरावावा म्हणून बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडतात. ठिबकवर बाग पोसणाऱ्यांना हे वेगळे शिकवायला नको.

आत वाळू, दगड आणि त्यात पुरलेली पीव्हीसी नळी असावी. नळी मासा पूर्ण मावेल इतकी लांब आणि दोन्ही तोंडे उघडी. वरचे झाकण घट्ट हवे, अगदी वायर जाण्याच्या फटीसकट. बोटभर जागा मिळाली की ईल बाहेर पडतो आणि सकाळी फरशीवर वाळलेला सापडतो. शोभेसाठी समुद्रातला जिवंत दगडी प्रवाळ आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाइतकेच कडक संरक्षण दिले आहे.

आता खाऊ घालणे. पहिले काही दिवस त्याला नळीत नुसते स्थिरावू द्यावे. दिवे मंद, शेजारी दांडगे मासे नकोत. मग संध्याकाळी जिवंत खाद्य द्यावे: लहान कोळंबी, किंवा हळूहळू खाऱ्या पाण्याला सरावलेली मॉली. ते तो नियमित खाऊ लागला की ताज्या मेलेल्या कोळंबीकडे वळवायचे. लांब चिमट्याच्या टोकाला तुकडा धरून बिळासमोर जिवंत माशासारखा हलवायचा. नाकाजवळ फार रेटला तर मासा आत पळतो आणि त्या दिवशी पुन्हा येत नाही. हे काम आठवड्यांचे आहे. पुढे दोन-तीन दिवसांतून एकदा कोळंबी, माकुल, समुद्री माशाचे पातळ तुकडे पुरतात. न खाल्लेला तुकडा त्याच रात्री काढून टाकावा. भूक लागावी म्हणून लसणाच्या रसात तुकडे बुडवण्याचा उपाय बराच सांगितला जातो. त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये.

मासा खात नाही म्हटल्यावर घायकुतीला आलेला मालक बहुधा स्वस्तातले छोटे गोल्डफिश आणून टाकीत सोडतो. ईल कधी कधी ते खातोही, आणि घरात आनंद होतो. खरी गोम इथेच आहे. गोल्डफिश कार्पच्या कुळातला, आणि या कुळातल्या माशांच्या शरीरात थायमिनेज नावाचे विकर असते. ते थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, नष्ट करते. हे प्रथम लक्षात आले ते कोल्ह्यांमुळे. 1932 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या व्यावसायिकाकडे कातडीसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चा कार्प खायला मिळत होता. आधी त्यांची भूक गेली, मग पाय लटपटू लागले, शेवटी लुळे पडून ते मेले. मासा शिजवून दिला की रोग होत नसे, कारण उष्णतेने ते विकर निकामी होते. या रोगाला आजही चॅस्टेकचा पक्षाघात म्हणतात.

माणसात याच जीवनसत्त्वाच्या अभावाने बेरीबेरी होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान यांनी पॉलिशच्या तांदळावर वाढणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या आणि त्यातून पुढे 1929 चे नोबेल मिळाले. थायमिन प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या रॉबर्ट विल्यम्स यांचा जन्म आपल्याकडचा, नेल्लोरचा. आपण मासे शिजवून खातो, त्यामुळे थायमिनेजची धास्ती घेण्याचे कारण नाही. ईल मात्र कच्चेच खातो. थायमिनच्या अभावाचे पहिले लक्षण भूक मंदावणे हे असल्याने, उपवास सोडवायला दिलेला गोल्डफिशच काही आठवड्यांनी त्याला पुन्हा उपवासाला बसवू शकतो.

मासे गोठवल्यानेही हे विकर मरत नाही. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या तुकड्यात ते टिकून राहते. हेरिंग आणि अँकोव्हीच्या कुळांतल्या काही समुद्री माशांतही ते सापडले आहे. नाशिकच्या बाजारात सहज मिळणारी मांदेली अँकोव्हीच्याच कुळातली, म्हणून रोज तीच देऊ नये. खाद्य बदलते ठेवावे आणि आठवड्यातून एकदा तुकडा बी-1 असलेल्या जीवनसत्त्वांच्या द्रावात भिजवून द्यावा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाल्ल्याच्या तारखा लिहिल्या तर ‘परवा खाल्ले होते बहुतेक’ असा घोळ होत नाही.

निरोगी मोरे ईल दोन-तीन आठवडे न खाता राहू शकतो. तेवढ्यात पाण्याची तपासणी करावी, नळीची जागा बदलू नये, जिवंत कोळंबीकडे परत जावे. त्यानंतरही तो खात नसेल आणि डोक्यामागचा भाग खंगू लागला असेल, तर ज्याच्याकडे असे मासे आधीपासून खात आहेत अशा अनुभवी पाळणाऱ्याच्या किंवा मोठ्या मत्स्यालयाच्या हवाली करावा. दया येऊन त्याला कादवेत सोडण्यात अर्थ नाही. गोड्या पाण्यात तो जगणार नाही. मुंबईला नेऊन समुद्रात सोडणेही चूक. टाकीतले रोग तो सोबत नेतो, आणि गिरगाव चौपाटीचा समुद्र त्याच्या ओळखीचा नसतो.