डमीच्या तोंडाला रंग

टकरीच्या चाचणीआधी गाडीत बसवायच्या डमीचं तोंड रंगवतात. कपाळाला एक रंग, नाकाला दुसरा, गुडघ्यांना तिसरा. गाडी आदळून थांबली की कुठला रंग कुठे लागला ते बघायचं असतं. नाकाचा रंग एअरबॅगवर उमटला तर ठीक; स्टिअरिंगच्या कडेवर उमटला तर काहीतरी चुकलंय.

हा डमी म्हणजे ‘हायब्रिड थ्री’. जनरल मोटर्सने १९७६ साली घडवलेला, उंची पावणेसहा फूट, वजन ७८ किलोच्या आसपास. कवटी ॲल्युमिनियमची, वर विनाइलची कातडी. बरगड्या पोलादी, मान रबराच्या आणि धातूच्या चकत्या रचून केलेली. गडी मात्र नाजूक! खोली एकवीस-बावीस अंशांवर ठेवावी लागते, नाहीतर बरगड्या भलतेच आकडे देतात. अधूनमधून डोकं काढून ३७६ मिलिमीटरवरून, म्हणजे जेमतेम सव्वा फुटावरून, पोलादी पाटावर टाकतात. हिशेब जुळला तरच ते पुन्हा धडावर चढतं. बाईच्या मापाचाही डमी आहे, पण तो बव्हंशी पुरुषाचाच आटवलेला. ही उणीव फार वर्षं कुणाला खुपली नाही.

१ ऑक्टोबर २०२३ला सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या गाड्यांच्या सुरक्षा-चाचणीत पुरुषाच्या मापाचे असे दोघे पुढे बसतात, मागे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे दोघे. गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर जाते, तीही पूर्ण तोंडाने नाही. ड्रायव्हरकडचा ४० टक्के भागच लागतो. घाटात ओव्हरटेक करणारा अर्धा आपल्या अंगावर येतो ना, तसं. पुढचं सगळं सेकंदाच्या सातव्या भागात आटोपतं.

गाडी थांबते, आतला माणूस अजून ६४च्याच वेगात असतो. त्याला थांबायला जितकी जागा मिळेल तितका मार कमी, आणि ती जागा गाडीचं नाक चेपून मिळते. पुढचा-मागचा भाग चेपणारा, मधली खोली टणक, हे मर्सिडीजच्या बेला बॅरेनीने १९५०च्या सुमारास मांडलं. आपण मात्र शोरूममध्ये बोनेटवर अंगठा दाबून ‘पत्रा पातळ आहे हो’ म्हणतो. मार खातात ते पत्र्याखालचे दोन लांब पोकळ दांडे. बोनेटचा त्यात वाटा थोडाच.

तीन टोकांचा बेल्ट १९५९चा, व्होल्वोच्या निल्स बोहलिनचा. आधी हा गृहस्थ वैमानिकाला विमानाबाहेर उडवणाऱ्या खुर्च्यांवर काम करायचा. नंतर माणसाला खुर्चीतच धरून ठेवायचं काम त्याच्याकडे आलं. व्होल्वोने पेटंट सगळ्यांना खुलं केलं. बेल्टचा ताण कमरेच्या आणि छातीच्या हाडांवर येतो, मऊ पोटावर नाही. एअरबॅग सेकंदाच्या तिसाव्या भागात फुगते खरी, पण बेल्ट नसेल तर माणूस ती पुरती फुगायच्या आतच तिच्यावर जाऊन पडतो.

तरी बेल्टची नुसती जीभ विकत मिळते. खाचेत खोचली की गाडीचं पिकपिक बंद. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांतून अशा जिभांच्या १३ हजारांवर नोंदी उतरवायला लावल्या. परवा एका मित्राच्या गाडीत बसलो, तर खाचेत जीभ होतीच. उपसून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती पुसली आणि जपून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली.