आमच्या रेडिओची तिरपी तार

आमच्या घरी आबांचा जुना रेडिओ आहे. आबांचे डोळे अधू झालेत, त्यांना पेपर वाचता येत नाही. म्हणून ते बातम्या रेडिओवरच ऐकतात. पण आमचे गाव सिंहगडाच्या पलीकडे. पुणे केंद्राचा आवाज फार बारीक यायचा. आबा रेडिओला कान लावून बसायचे. मला वाईट वाटायचं.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. ते शिवाजीनगरला आहे. रेडिओच्या लाटा सेकंदाला ३ लाख कि.मी. पळतात. मामा म्हणाला, "लाटा इथवर येतात, पण दमून येतात. त्यांना धरायला लांब तार पाहिजे." मग आम्ही पुण्याला तापकीर गल्लीत जाऊन १५ मीटर तांब्याची तार व चिनी मातीचे दोन मणी आणले.

तार तिरपी का? आडव्या तारेला दोन उंच खांब लागतात. तिरपीला एकच उंच जागा पुरते. शिवाय केंद्राचा मनोरा उभा असतो, त्याच्या लाटाही उभ्या डोलतात. तिरपी तार थोडी उभी असते, म्हणून तिला त्या सापडतात.

मी तार रस्त्याकडच्या झाडाला बांधायला निघालो. तेवढ्यात आबा ओरडले, "अरे थांब! वर विजेच्या तारा आहेत!" तार निसटून त्यावर पडली असती तर माझा जीवच गेला असता. मग आम्ही परसातला कडुलिंब निवडला.

मामाने फांदीला दोरी, दोरीला मणी आणि मण्याला तार बांधली. मण्यातून वीज जात नाही, म्हणून लाटांची वीज झाडात मुरत नाही. खालचे टोक दुसऱ्या मण्याने खिडकीपाशी ताणले. तिथून तार रेडिओच्या मागच्या एरियलच्या भोकात घातली. दुसऱ्या भोकातली तार न्हाणीजवळ ओल्या मातीत पुरलेल्या लोखंडी कांबीला जोडली. याला अर्थिंग म्हणतात. माती सुकली की मी तांब्याभर पाणी ओततो.

काटा ७९२ वर आणला आणि आवाज एकदम खणखणीत आला! मोबाईलचा चार्जर लावला की मात्र घरघर होते, म्हणून बातम्यांच्या वेळी तो काढतो.

मित्रांनो, तार मोठ्या माणसांबरोबरच बांधा. विजेच्या तारांजवळ जाऊ नका. ढग दिसले की गडगडायच्या आधीच एरियल काढा. गडगडू लागल्यावर हात लावू नका.

आता आबा ओसरीवर बसून बातम्या ऐकतात आणि शेजारचे आजोबाही येतात.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी