दरवळ घरात की कपात?

पैनगंगेकाठच्या देऊळघाटात गवती चहाला कुणी ‘फ्लेवर्ड टी’ म्हणत नाही. परसातली दोन-चार पाती तोडायची, त्यांची गाठ मारून गंजातल्या आधणात सोडायची, आलं ठेचून टाकायचं आणि सगळं खळखळ उकळू द्यायचं. घरभर वास दरवळतो आणि चहा जमला असं आपण म्हणतो. गडबड नेमकी इथेच आहे. घरात दरवळतो तो वास कपातून गेलेला असतो.

गवती चहाच्या तेलात साधारण 70 ते 80 टक्के सिट्रल असतं. लिंबासारखा वास येतो तो त्याचाच. सिट्रल उकळायला 229 अंश सेल्सिअस तापमान लागतं, पण पाण्याच्या वाफेबरोबर ते 100 अंशांच्या आतच उडून जातं. गवती चहाचं तेल काढणारे कारखाने पाल्यातून वाफ सोडून हेच करतात, फक्त ती वाफ थंड करून तेल साठवतात. आपण मात्र झाकण न ठेवता तिला खिडकीबाहेर जाऊ देतो. म्हणून आलं उकळू द्या, त्याचा तिखटपणा सहजी उडत नाही. गवती चहा मात्र गॅस बंद केल्यावर टाका आणि लगेच झाकण ठेवा. पाच मिनिटांनी गाळलेला चहा पिताना वास घशाकडून नाकात चढतो. चव म्हणून आपण जे ओळखतो, त्यातला फार मोठा वाटा या मागच्या वाटेने आलेल्या वासाचा असतो.

अख्ख्या पानाच्या चहाची गोडी लागते ती इथून. आपल्या डब्यातली दाणेदार पत्ती सीटीसी पद्धतीची. 1930च्या दशकात आसामच्या अमगुरी मळ्यावर विल्यम मॅक्कर्चर यांनी ती पद्धत काढली. दातेरी रुळांत पान चिरडलं जातं, पेशी फुटतात, विकर आणि पॉलिफेनॉल एकमेकांत मिसळतात आणि थिआफ्लेविन, थिआरुबिजिन ही रंगाची व कडकपणाची द्रव्यं झपाट्याने तयार होतात. दूध-साखर पेलायला असाच चहा हवा, त्याला कमी लेखायचं कारण नाही. अख्खं पान मात्र सुकवून हलक्या हाताने वळतात. पानात साखरेच्या रेणूंना जखडलेले लिनालूल आणि जिरॅनिऑल या वेळी सुटे होतात, त्यामुळे वरून काहीही न घालता त्या चहाला फुलांचा वास येतो. अर्ल ग्रे चहाला लावतात त्या बर्गमॉटच्या तेलातही लिनालूल असतं. म्हणून ते दोन वास एकमेकांना परके वाटत नाहीत.

चमेलीच्या चहाची रीत तर मला सर्वांत सुंदर वाटते. दिवसा तोडलेल्या कळ्या रात्री उमलतात. त्या वेळी त्यांचे आणि कोरड्या पत्तीचे थर रचून ठेवतात. पत्ती वास शोषते, सकाळी फुलं चाळून काढतात, आणि उत्तम चहासाठी ताज्या कळ्या घेऊन हे पुन्हा पुन्हा करतात. कोरडी पत्ती जिऱ्याचा, हिंगाचा वासही तितक्याच आनंदाने शोषते. महागाची पत्ती मसाल्याच्या फडताळात ठेवू नका.

आता पाणी. बुलढाण्याचा हा भाग साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणजे पाणी इथे 98 अंशांजवळ उकळतं. काळ्या चहाला ते पुरतं, आणि ग्रीन टीसाठी तर 75-80 अंशांपर्यंत निवू द्यायलाच हवं, नाहीतर कॅटेचिनं जास्त उतरून तो कडू होतो. खरी अडचण विहिरी-बोअरच्या जड पाण्याची आहे. बेसॉल्टमधून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतात. कोऱ्या चहावर जमणारी तेलकट दिसणारी साय म्हणजे तेल नव्हे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या मायकेल स्पिरो आणि डिओग्रेशिअस जगान्यी यांनी 1990च्या दशकात तिचा उलगडा केला. कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की चहातल्या पॉलिफेनॉलपासून ती बनते. याच पाण्यात रंग काळपट आणि चव बोथट होते. लिंबाचे चार थेंब पिळले तर साय विरते आणि रंगही उजळतो.

घाटाखाली खारपाणपट्ट्यात तर पाण्याची खारट चवच पत्तीवर मात करते. तिथे, आणि देऊळघाटातही, महाग डबा आणण्याआधी एकच पत्ती बोअरच्या आणि आरओच्या जारच्या पाण्यात सारखाच वेळ भिजवून पाहावी. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पांढऱ्या कपांतला फरक पिण्याआधीच डोळ्यांना दिसतो.