रस्त्यावरचं भौतिकशास्त्र, लेखांक 6 : गाडी थांबते, प्रवासी थांबत नाही

मागच्या लेखात बल आणि त्वरण यांचं नातं पाहिलं. आज तोच नियम संवेगाच्या बाजूने पाहू. न्यूटनने 1687 साली तो मांडला तोही याच बाजूने. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘गतीचे नियम’ या प्रकरणात ही व्याख्या आहे. मुलं ती पाठ करतात, त्यावरची गणितं सोडवतात आणि शाळा सुटली की गंजाडच्या रस्त्यावर येणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून घरी जातात. त्या व्याख्येचा त्या जीपशी काय संबंध आहे, हे मात्र त्यांना फारसं कुणी दाखवत नाही.

डहाणूहून गंजाडमार्गे पूर्वेला निघालं की चारोटी नाका लागतो. तिथे आपला रस्ता मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. चारोटीजवळच सूर्या नदीवरचा पूल आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी, रविवारी दुपारी, उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक मर्सिडीज त्या पुलाच्या कठड्यावर आदळली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले जहांगीर पंडोल यांचा त्यात मृत्यू झाला. दोघेही मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढच्या सीटवरचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

गाडी एकच, कठडा तोच, वेगही तोच. मग पुढे आणि मागे एवढा फरक का पडला? अपघातात प्रत्येकाचं नशीब वेगळं असतं हे खरंच. कोण कुठे आपटला, काय लागलं, याला अनेक कारणं असतात. तरीही यातला मोठा भाग गणिताने समजतो आणि तो समजून घेणं आपल्या हातात आहे.

मर्सिडीज कंपनीच्या अहवालाचा हवाला देऊन पोलिसांनी तेव्हा दोन आकडे सांगितले होते : धडकेच्या पाच सेकंद आधी गाडीचा वेग ताशी 100 किलोमीटर होता आणि प्रत्यक्ष धडकेच्या क्षणी 89. ताशी 89 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 24.7 मीटर. आता 70 किलो वजनाचा कुठलाही माणूस घ्या. त्या वेगाने जाताना त्याचा संवेग भरतो सुमारे 1,730 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. हा संवेग गाडीचा नाही, त्या माणसाचा स्वतःचा आहे. आपण गाडीत बसलो की गाडीचा एक भाग झालो असं वाटतं, पण निसर्ग तसा हिशोब ठेवत नाही. कठड्याने गाडीला थांबवलं म्हणून आतला माणूस थांबत नाही. त्याला थांबवायला त्याच्या अंगावर वेगळं बल लागतं. ते पट्ट्याने लावलं नाही, तर पुढची सीट लावते, छत लावतं, काच लावते.

थांबताना 1,730 चा शून्य होणारच, त्यात सवलत नाही. सवलत आहे ती वेळेत. संवेगातला बदल भागिले त्याला लागलेला वेळ म्हणजे सरासरी बल. गाडीचं नाक चेपत जातं, पट्टा थोडा ताणला जातो. यातून शरीराला थांबायला साधारण एक मीटर अंतर मिळालं असं धरू. मग वेळ मिळतो अंदाजे 0.08 सेकंद आणि अंगावर येणारं बल होतं 21 ते 22 हजार न्यूटन, म्हणजे दोन टनांहून जास्त वजनाइतकं. हेही भयंकरच आहे, बरगड्या मोडू शकतात. पण पट्टा ते छाती आणि कमरेच्या हाडांवर पसरवतो. पट्टा नसेल तर गाडी चेपत असताना माणूस पूर्ण वेगाने पुढे जातच राहतो आणि समोरच्या वस्तूवर दहा-एक सेंटिमीटरमध्ये थांबतो. वेळ दहापट कमी, बल दहापट जास्त : वीस टनांच्या वर. एवढं बल सोसेल असं माणसाच्या शरीरात काही नाही.

डहाणू-घोलवडच्या वाड्यांत चिकू उतरवताना बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली असते. फळ जाळीत पडलं तरी थांबतं आणि जमिनीवर पडलं तरी थांबतं. जाळी त्याला वीतभर अंतर देते, जमीन काहीच देत नाही. म्हणून एक फळ बाजारात जातं आणि दुसरं तडकतं.

गाडीचा संवेग गेला कुठे, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो योग्यच आहे, कारण संवेग नाहीसा होत नाही. तो कठड्यात गेला, कठड्यातून पुलात, पुलातून पृथ्वीत. पृथ्वीचं वस्तुमान इतकं अफाट आहे की तिच्या वेगात पडलेला फरक मोजता येणार नाही.

आता दोन्ही बाजू हलत्या असतील तेव्हा काय होतं? चारोटी नाक्यावर याचा विचार रोज करावा लागतो. समजा, 25 टनांचा भरलेला ट्रक ताशी 60 ने येतोय आणि समोरून मोटरसायकल ताशी 40 ने. गाडी आणि वरचे दोघे मिळून 250 किलो धरू. धडकेनंतर दोन्ही अडकून एकत्र गेले तर वेग किती? दिशा उलट असल्यामुळे एक संवेग वजा होतो : 25,000 गुणिले 60 वजा 250 गुणिले 40, भागिले 25,250. उत्तर येतं ताशी 59.

बहुतेक जण म्हणतात, ट्रकने जास्त जोराने धडक दिली. तसं नाही. ट्रकने मोटरसायकलवर जितकं बल लावलं, तितकंच मोटरसायकलने ट्रकवर लावलं. संवेगातला बदलही दोघांचा सारखाच, फक्त उलट दिशेचा. पण तो बदल 25 टनांवर वाटला की ट्रकचा वेग ताशी फक्त 1 किलोमीटरने कमी होतो, चालकाला जेमतेम हिसका जाणवतो. तोच बदल 250 किलोंवर पडला की एका दिशेने 40 चा वेग दुसऱ्या दिशेने 59 होतो, म्हणजे 99 चा फरक. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला विवळवेढ्याकडे एका मोटरसायकलवरून तिघे-चौघे जातात, तेव्हा हा 99 चा आकडा मला आठवतो आणि जीव थाऱ्यावर राहत नाही.

शेवटी त्या जीपकडे येऊ. आईच्या मांडीवर 10 किलोचं मूल आहे, जीप ताशी 50 ने चालली आहे. जीप आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर मुलाला धरून ठेवायला सुमारे 1,390 न्यूटन बल लागेल, म्हणजे 140 किलो वजन हातांनी पेलण्याइतकं. आई कितीही घट्ट धरू दे, ते हातात राहत नाही. म्हणून मुलांसाठी वेगळी सीट असते आणि ती पट्ट्याने गाडीला बांधलेली असते.

पुढच्या आठवड्यासाठी एक गणित देतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर धडकेत साधारण 2 सेंटिमीटर चेपतो असं धरा. ताशी 30 ने जाणारं डोकं त्या अंतरात थांबतं. मग हेल्मेट नसताना, 2 मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्वरण किती पट होईल? वेग आणि अंतर यावरून वेळ आधी काढा. नववीच्या पुस्तकातली गतीविषयक समीकरणं त्याला पुरतात.