बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये फिरलेही होते

२०२३ च्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट आहे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. घरची मंडळी झोपली होती आणि मी दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची पत्रके मोजीत बसलो होतो. तेवढ्यात लंडनहून भाचीचा फोन आला. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात; पण त्या दिवसांत तिकडे चार-सव्वाचारलाच अंधार पडतो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, मी वापस येतो."

खरे सांगायचे तर माझ्या मनात आधी तिचा विचार आलाच नाही. आला तो जामिनाचा. ती सरकारी शिष्यवृत्तीवर गेली तेव्हा जामीनदार म्हणून ज्या सह्या झाल्या, त्यात एक माझी. दरमहा पगाराची स्लिप मिळणारा माणूस आमच्या नात्यात दुसरा नव्हता. मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून. भरावी लागणारी रक्कम आणि माझ्या नोकरीची उरलेली वर्षे यांचा भागाकार मनातल्या मनात होऊनसुद्धा गेला. त्याची लाज मागाहून वाटली. त्या वेळी तोंडून एवढेच निघाले, "बाई, झालं तरी काय?"

काहीच झालेले नव्हते. अवघड होते ते हेच. कोणी अपमान केला नव्हता, प्रकृती ठीक होती, अभ्यास जमत होता. दोन महिन्यांत लंडन म्हणून तिने जे पाहिले ते म्हणजे तिची खोली, वर्ग, वाचनालय आणि कोपऱ्यावरचे तांदूळ मिळणारे दुकान. शनिवार-रविवारी बाहेर पडतेस की नाही, असे विचारले तर म्हणाली, "समाजाच्या पैशावर आलो न मामा मी. फिराले थोडीच आलो?"

आता ही मुलगी कोण, ते सांगितले पाहिजे. ब्रह्मपुरी तालुक्यात जंगलाच्या काठावर तिचे गाव. चैत्रात मोहफुले वेचायला झुंजुमुंजू असताना ती आईबरोबर जंगलात जायची. वाघाचा मुलूख तो. बायका घोळक्याने जातात, मोठ्याने बोलत जातात. म्हणजे जनावराला चाहूल लागून ते बाजूला होते. पावसाळ्यात कोणता नाला कोठून ओलांडावा, हे तिला बाराव्या वर्षी माहीत होते. पुढे एकटी एस.टी.ने चंद्रपूरच्या वसतिगृहात आली. अशी मुलगी लंडनच्या लाल बसमध्ये चढायला कचरत होती. वाट चुकण्याची भीती तिला नव्हती. आपण काही गुन्हा करतो आहोत, असे तिला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत मी आमच्या वस्तीतल्या एका फिटर गृहस्थांना सांगितली. ते सहा वर्षे दुबईत होते, २०१९ मध्ये परत आले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, मी सहा वर्षं दुबईत होतो, पण दुबई पाहिलीच नाही." खोली, कंपनीची बस, साइट आणि पुन्हा खोली. एका खोलीत दहा जण. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. सुट्टीच्या दिवशी कपडे धुवायचे आणि घरी फोन लावायचा. पाचव्या वर्षी एका केरळी सोबत्याने ओढून नेले, तेव्हा त्यांना कळले की दुबईच्या मधून खाडी जाते आणि 'अब्रा' नावाच्या लाकडी होड्या एक दिरहमला या काठावरून त्या काठावर नेतात. त्या दिवशी ते चार वेळा आले-गेले. चार दिरहम. "सहा वर्षांत मला गावचं काय आठवते म्हणाल, तर तो एक शुक्रवार," असे ते म्हणाले.

त्यांचे पाय बांधलेले होते. बारा तास उन्हात राबणाऱ्याला शहर पाहा म्हणून उपदेश करणे हा शहाणपणा नव्हे. पण माझ्या भाचीचे पाय कोणी बांधले होते? विचार करता करता मी माझ्यापाशीच येऊन थांबलो.

दर १४ एप्रिलला मी भाषण करतो. त्यात बाबासाहेबांचा अठरा तासांचा अभ्यास असतो, दिव्याखालचे पुस्तक असते, अर्धपोटी राहणे असते. ते सगळे खरेच आहे. १९२० साली बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला गेले, तेव्हा घरमालकिणीच्या हातचे अपुरे खाऊन दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसत, हे आपल्या मुलांना पाठ आहे. पण त्याच्या आधीचे न्यूयॉर्क आपण सांगत नाही. १९१३ च्या जुलै महिन्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते तेथे पोहोचले. दरमहा साडेअकरा पौंड. आधी हार्टली हॉलमध्ये उतरले. तेथले जेवण मानवले नाही म्हणून कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली. पहिल्या काही महिन्यांत ते मित्रांबरोबर फिरले, खेळले. अभ्यासाची मांड त्यानंतर बसली. आणि मांड बसल्यावरही ते खोलीत कोंडून राहिले काय? जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन सुमारे दोन हजार ग्रंथ त्यांनी जमविले. दोन हजार जुनी पुस्तके खोलीत बसून मिळत नाहीत. त्यासाठी शहर पायाखाली घालावे लागते, दुकानदारांशी घासाघीस करावी लागते. यातली बरीच पुस्तके १९१७ साली परतताना जहाज बुडून गेली, तो भाग वेगळा. पुढे १९२२ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले. चांगदेव खैरमोडे यांच्या चरित्रखंडांत हे दिवस तपशिलाने आले आहेत. आम्ही भाषणे करणारेच ती पाने गाळून पुढे जातो.

मी भाचीला फोन केला. म्हटले, परत यायचे तर ये, जामिनाचे मी पाहीन. पण त्याआधी एक काम कर. रविवारी कोणत्याही लाल बसमध्ये बस, शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि परत ये. ती म्हणाली, "कुठल्या बसमध्ये?" मी म्हटले, जी आधी येईल तिच्यात. आम्ही लहानपणी एस.टी.च्या बाबतीत हेच करीत असू. फक्त कंडक्टर ओळखीचा लागे.

लंडनच्या बसची एक सोय आपल्या वाचकांना सांगण्यासारखी आहे. जवळ जा की लांब जा, भाडे एकच. आणि पहिल्या बसमध्ये बसल्यापासून तासाभराच्या आत दुसरी-तिसरी बस पकडली, तर पुन्हा भाडे पडत नाही. रोख पैसे मात्र २०१४ पासून घेतच नाहीत. कार्ड टेकवावे लागते. त्या रविवारी ती पूर्वेकडे गेली. व्हाइटचॅपलच्या बाजारात एका बांगलादेशी दुकानदाराकडे तिला वाळलेली मासळी दिसली. आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे? ती घेऊन आली आणि वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात तिखट टाकून शिजवली. वास मजलाभर पसरला. आता कोणीतरी तक्रार करणार म्हणून ती धास्तावून उभी, तर शेजारची नायजेरियाची मुलगी वासावर आली आणि विचारू लागली, की हे तुला कोठे मिळाले? त्यांच्याकडेही रश्शात वाळलेले झिंगे घालतात म्हणे! पुढच्या रविवारी दोघी मिळून गेल्या. मी आपल्या बाजूने दोन अटी घातल्या होत्या. रात्री नऊच्या आत खोलीवर परत आणि बसचा नंबर आधी मला कळवायचा. चंद्रपुरात बसून मी लंडनच्या बसचे नंबर लिहून ठेवीत असे. आमच्या घरी याची चेष्टा होते.

गावाकडे मात्र निराळेच झाले. तिने टेम्स नदीच्या पुलावरचा फोटो आईला व्हॉट्सॲपवर पाठविला. तो चार घरी दिसला आणि बोलणे सुरू झाले, की सरकारच्या पैशावर पोरगी मजा मारते. बहीण रडकुंडीला आली. मी रविवारची बस धरून गेलो. ओसरीवर माणसे जमली होती. मी त्यांना म्हटले, केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. त्यात शिक्षणाच्या फीबरोबर निर्वाह भत्ता असतो आणि निर्वाहात बसचे भाडेही येते. श्रीमंताचा मुलगा परदेशात पुलावर उभा राहिला तर त्याला कोणी हिशेब विचारीत नाही. आमच्याच मुलीने हसू नये, असे कोणत्या कागदावर लिहिले आहे? एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आपल्या चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे लंडनलेच शिकले न? ते का खोलीतच बसले असतील?" मग विषय बदलला. बहिणीला ते पटले की नाही, सांगता येत नाही. पण परतताना तिने भाचीसाठी लाखोळीची डाळ बांधून दिली. लंडनला ती कशी पाठवायची, हे मात्र मलाच शोधायचे होते.

डिसेंबरात भाची चॉक फार्म स्टेशनावर उतरून किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरी गेली. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहिले. दारावर निळी पाटी आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर घेतले. वस्तीतल्या घराचे स्मारक करण्यावरून तेथे वाद झाला आणि रीतसर परवानगी मिळायला मार्च २०२० उजाडले. घर पाहून ती जवळच्या प्रिमरोझ हिल या टेकडीवर चढली. तेथून सारे शहर दिसते. मग रीजंट्स पार्कमधून चालत चालत ब्रिटिश म्युझियमपर्यंत गेली. वाट तासाभराची. ते वाचनालय आता तेथे नाही; १९९७-९८ मध्ये ग्रंथ सेंट पँक्रासच्या नव्या इमारतीत गेले. तिने रात्री लांबलचक मजकूर पाठविला. त्यात घराविषयी चार ओळी होत्या आणि चालण्याविषयी चाळीस. कोणत्या झाडाची पाने गळली होती, कोठे खार दिसली, वाट विचारली तेव्हा एका बाईने कसे दोन वळणांपर्यंत सोबत येऊन दाखविले. मोहफुलांच्या दिवसांत ही मुलगी असेच सांगत असे.

परत येण्याची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही. मीही विचारली नाही. अभ्यासक्रम पूर्ण झाला आणि जामिनाचा कागद माझ्या कपाटात तसाच राहिला.

परतण्याआधीच्या महिन्यात तिने एक फोटो पाठविला. ती बसने वूलिचला गेली होती. तेथे टेम्स नदीवर एक बोट या काठावरून त्या काठावर मोटारी आणि माणसे नेते. १८८९ पासून ही सोय आहे. फोटोत भाची कठड्याला टेकून उभी होती, शेजारी ती नायजेरियाची मैत्रीण आणि मागे ट्रकांची रांग. मी तो फोटो फिटर गृहस्थांना दाखविला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"भाडं किती घेतात?"

"काहीच नाही, फुकट."

"आमच्याकडे एक दिरहम होता," ते म्हणाले आणि फोटो मोठा करून पुन्हा पाहू लागले.